खरखर काढता काढता गाणंच काढलं

तापीकाठ (जळगाव): परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'लाखेच्या जुन्या रेकॉर्डी डिजिटल करताना खरखर पूर्ण काढूनच टाका, नाहीतर आज ऐकणार कोण?' राहवलं नाही म्हणून लिहितोय. रेकॉर्डिंगला मायक्रोफोन आला १९२५ च्या सुमारास. त्याआधीची मंडळी भोंग्यात गायची, वरचे ध्वनी मुळातच तुटपुंजे उमटायचे. आहेत तेही खरखरीत मिसळलेले. सॉफ्टवेअर फिरवलं की आधी तंबोरा जातो, मग सारंगीचा गज, मग 'स' आणि 'श' एकच. बालगंधर्वांचं एक पद असं धुतलेलं ऐकलं, पाण्याखालून गाताहेत जणू. लहानपणी ज्या जळगावात ते गाणं शिकले, तिथल्या माणसांनी हे ऐकायचं?

भुसावळवाला: तुमच्या या हट्टापायीच माझी पोरगी जुनं गाणं ऐकत नाही. लावलं की म्हणते, पप्पा, स्पीकर बिघडला. लोकांना स्वच्छ द्या ना भो!

धुळेकान: सॉफ्टवेअरवर भांडण्याआधी सुई बघा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या रेकॉर्डची खाच रुंद, तिला ३ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपासची सुई लागते. नंतरच्या एलपी रेकॉर्डची बारीक सुई लावली तर ती तळातल्या घाणीत घासते. निम्मी खरखर तिथलीच. आणि वेग! काही रेकॉर्डी ७४ फेऱ्यांवर भरलेल्या, काही ८० वर. ७४ ची ७८ वर फिरवली की काळी एकचं गाणं पांढरी दोनला टेकतं, म्हणजे पेटीवर एक पट्टी वर.

भुसावळवाला: मूळ पट्टी कोणती, हे ठरवणार कोण? गायक तर गेला.

धुळेकान: साथीच्या पेटीवरून ठरते.

तापीकाठ: पेटीवरून? आजोबांच्या दोन पेट्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. गळ्याचा लगाव, म्हणजे आवाज लावायची पद्धत, कानाला कळतो.

धुळेकान: तुमचा कान म्हणजे पुरावा नाही. दहा जणांचे दहा कान, दहा पट्ट्या!

तापीकाठ: ज्यानं ती गायकी ऐकलीच नाही, त्यानं आकडे लावून सूर ठरवू नये.

अमळनेरकर: भांडा तुम्ही. आमच्या रेकॉर्डी पत्र्याखालच्या माळ्यावर एकावर एक आडव्या होत्या. मे महिन्यात पत्रा तापला, लाख मऊ पडली, सगळ्या वाकल्या. उरलेल्या एका दुकानात भरायला दिल्या. त्यानं खरखर काढून एमपीथ्री हातात ठेवली, मूळ फाइल पुसून टाकली. आजीची आवडती ठुमरी आता तेवढीच उरली, तीही तंबोऱ्याशिवाय.

भुसावळवाला: हे वाईट झालं. मूळ फाइल जपा, एवढं मानतो. पोरीला मात्र धुतलेलीच ऐकवणार.

तापीकाठ: ऐकवा. फक्त फाइलच्या नावात 'खरखर काढलेली' असं लिहा, नाहीतर पुढचा तिलाच अस्सल समजेल.

धुळेकान: आणि किती वेगावर भरली, तेही.