हॅनफर्ड, हिंगोली आणि १ ऑक्टोबर

प्रेषक: अनघा (रिचलंड)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

वॉशिंग्टन राज्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या सर्वांना सप्रेम नमस्कार,

गणपतीच्या गडबडीत हे लिहायचं राहून गेलं. आज मात्र राहवत नाही, कारण आज बरोबर दहा वर्षं झाली. १४ सप्टेंबर २०१५ला आपल्याच राज्यात, हॅनफर्डच्या माळावर, लायगो या वेधशाळेच्या डिटेक्टरनं पहिली गुरुत्वीय लहर (अवकाशच ताणणारी-आखडणारी लहर) टिपली. त्याच्या सात मिलिसेकंद आधी ती लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरवरून गेली होती. साधारण १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. इथे पोचेपर्यंत त्या लहरीनं डिटेक्टरच्या चार किलोमीटरच्या नळीची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी. तेवढा फरक मोजणारं यंत्र माणसांनी बांधलं, आणि ते आपल्या घरापासून गाडीनं जाता येईल अशा अंतरावर आहे.

परवा १० तारखेला याच मंडळींनी नवी बातमी दिली. यंदा १४ जानेवारीला आलेली लहर २०१५च्या लहरीसारखीच होती. कृष्णविवरं तशीच, अंतरही जवळजवळ तेवढंच. पण या वेळी ती तिपटीहून जास्त स्पष्ट ऐकू आली, कारण दहा वर्षं लोक आरसे, लेसर, निर्वात पंप यांच्यावर राबत होते. त्यातून स्टीफन हॉकिंग यांचा १९७१चा सिद्धान्त तपासता आला: दोन कृष्णविवरं एकत्र आली की नव्याचं पृष्ठफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी होऊ शकत नाही. आधी दोघांचं मिळून सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होतं, नंतर सुमारे ४,००,००० झालं. आपला महाराष्ट्र सुमारे ३,०८,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे या दोन आकड्यांच्या मधोमध. मिसळल्यानंतर कृष्णविवर घंटेसारखं थरथरतं, हे १९७०मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी कागदावर मांडलं होतं. ती थरथर आता इतकी स्वच्छ मिळाली की तिच्यातले दोन सूर वेगळे काढता आले.

आता जे लिहायचं आहे ते. इथल्या सरकारनं अमेरिकेच्या संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, ठेवलेल्या २०२६च्या बजेटात नॅशनल सायन्स फाउंडेशनचे (संशोधनाला सरकारी पैसा देणारी संस्था) ९ अब्ज डॉलर ३.९ अब्जांवर आणायचे म्हटलं आहे. त्यात लायगोचे ४ कोटी ८० लाख कापून २ कोटी ९० लाख, आणि दोनपैकी एकच डिटेक्टर चालवायचा. नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. सिनेटच्या समितीनं जुलैत फाउंडेशनला ९ अब्जच द्यावेत असं ठरवलं, हाऊसच्या (प्रतिनिधिगृहाच्या) मसुद्यात ७ अब्ज आहेत. म्हणजे गोष्ट अजून हातातून गेलेली नाही.

आपल्या सिनेटर पॅटी मरे या सिनेटच्या खर्चसमितीच्या उपाध्यक्षा आहेत. आमच्या भागाचे प्रतिनिधी डॅन न्यूहाऊस हाऊसच्या खर्चसमितीवर आहेत. दोघंही आपल्याच राज्याचे. आपल्यापैकी जे नागरिक आहेत त्यांनी या दोन आठवड्यांत एक पत्र लिहावं किंवा फोन करावा, एवढीच माझी विनंती आहे. मजकूर हवा असेल तर मी पाठवते.

अनघा

–––

प्रेषक: वसंतकाका (बेलव्ह्यू)
सोमवार, १५ सप्टेंबर

चि. अनघा,

तुझं पत्र वाचलं. तळमळ पोचली, पण मला पटलेलं नाही, आणि सगळ्यांसमोर लिहिलं आहेस म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

एक तर मंडळ हे सणवार, नाटक, शाळा यांच्यासाठी आहे. इथे दोन्ही पक्षांची माणसं शेजारी बसून मोदक खातात. ते टिकायला हवं.

दुसरं. तू विषयात हिंगोली लिहिलंस आणि पत्रात हिंगोलीचं नावसुद्धा नाही. मी औशाचा. १९९३च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी झाली तेव्हा मी गावी होतो. पहाटे मातीच्या ढिगाऱ्यातून माणसं काढली आहेत. मराठवाड्याची जमीन हलते म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगू नये. गेल्या वर्षी मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीत ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. आणि तिथे लायगोचंच, प्रोटॉनहून बारीक हालचाल मोजणारं यंत्र बसवणार? २,६०० कोटी रुपये? त्याच तालुक्यांतल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आधी पाणी द्या, दवाखान्यात डॉक्टर द्या.

राग मानू नकोस. मनात होतं ते लिहिलं.

वसंतकाका

–––

प्रेषक: सचिव
सोमवार, १५ सप्टेंबर

मंडळ करमुक्त संस्था आहे. कोणत्याही उमेदवाराची बाजू आपण घेऊ शकत नाही, आणि कार्यकारिणीत ठराव झाल्याशिवाय मंडळाच्या नावानं किंवा लेटरहेडवर कोणीही पत्र पाठवू नये. सभासदानं स्वतःच्या नावानं काय लिहावं हा त्याचा प्रश्न आहे. चर्चा चालू राहू द्या, सभ्यता सांभाळा.

–––

प्रेषक: अनघा (रिचलंड)
मंगळवार, १६ सप्टेंबर

काका, नमस्कार.

राग कसला? तुम्ही बरोबर पकडलंत. हिंगोलीचं लिहायला हवं होतं, तेच राहिलं. माझं माहेर वसमतचं, त्यामुळे मला वाटलं सगळ्यांना माहीतच आहे. आता नीट लिहिते.

२०१६च्या फेब्रुवारीत पहिल्या लहरीची घोषणा झाली. आठवड्याभरातच दिल्लीच्या मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला (भारतातल्या लायगो डिटेक्टरला) तत्त्वतः मंजुरी दिली आणि ३१ मार्चला वॉशिंग्टन डी.सी.मध्ये अणुऊर्जा विभाग आणि इथलं सायन्स फाउंडेशन यांच्यात करार झाला. जागा ठरली औंढा नागनाथ तालुक्यात. नामदेवांसाठी जिथे देऊळ फिरलं अशी कथा आहे तेच औंढा, आणि नामदेवांचं नर्सीही त्याच जिल्ह्यातलं. पुण्याची खगोलविज्ञान संस्था आयुका, इंदूरचं लेसर-प्रवेगक संशोधन केंद्र आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभाग मिळून हे उभं करणार. करारानुसार इमारत, नळ्या, जमीन, माणसं भारताची. आणि डिटेक्टरचे मुख्य भाग अमेरिकेचे.

ते भाग कुठे आहेत, काका? हॅनफर्डला. तिसऱ्या डिटेक्टरसाठी बनवलेले भाग तिथल्या गोदामात खोक्यांत बांधून ठेवलेले आहेत. हिंगोलीचं यंत्र आज आपल्या राज्यात आहे. ज्या संस्थेचं चाळीस टक्के बजेट कापायचं चाललंय तीच ते सांभाळते आहे, आणि औंढ्याला ते जोडताना लागणारी अनुभवी माणसंही तिच्याकडेच आहेत. उद्या इथली माणसं पांगली तर खोकी जातील, पण ती उघडल्यावर शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी राहणार नाही. माझा जीव तिथे अडकला आहे.

आता एक डिटेक्टर पुरेसा का नाही, ते. गेल्या वर्षी बाबा वसमतहून आले होते, तेव्हा शनिवारी लोकांना आत सोडतात त्या दिवशी त्यांना हॅनफर्डला नेलं. सगळीकडे सेजब्रशची खुरटी झुडपं, आणि त्या माळावरून काँक्रीटच्या पांघरुणाखाली दोन नळ्या काटकोनात क्षितिजापर्यंत गेलेल्या. वाऱ्यानं वाळकी झुडपं गोळे होऊन घरंगळत येतात आणि नळीला खेटून ढीग लागतो, तो यंत्रानं काढावा लागतो. एका उन्हाळ्यात डिटेक्टरमध्ये चमत्कारिक टकटक यायला लागली. शोध घेतल्यावर कळलं की बाहेरच्या द्रवरूप नायट्रोजनच्या थंडगार नळीवर जमलेल्या बर्फाला डोमकावळे चोच मारत होते. बाबांना ही गोष्ट फार आवडली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर एकाखाली एक दोन रेघा होत्या, लाल हॅनफर्डची आणि निळी लिव्हिंग्स्टनची. समजावणाऱ्या मुलीनं सांगितलं की कावळा, ट्रक, वारा यांतलं काहीही एकाच रेघेत दिसतं. दोन्हींत, शंभरांश सेकंदाच्या आत, एकाच आकाराचं काही दिसलं तरच ते आभाळातलं. बाबा म्हणाले, "रात्री रानडुकरं कुण्या अंगानं शिरली ते एका मचाणावरून कळत नाही. दुसऱ्या मचाणावरच्याला हाळी घालावी लागते." मी तिला भाषांतर करून सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं.

लिव्हिंग्स्टन तर पाइनच्या लाकूडतोडीच्या जंगलात आहे, तिथे झाड पडलं तरी गोंधळ होतो. २०१७च्या १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली तेव्हा नेमका शेवटच्या सेकंदाच्या आसपास लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत मोठा खरखराट आला होता. संगणकानं आपोआप ओळखली ती फक्त हॅनफर्डची खूण. मग माणसांनी लिव्हिंग्स्टनची नोंद उघडून, खरखर बाजूला काढून, खाली लपलेली लहर शोधली. इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरमध्ये ती जेमतेमच उमटली होती, त्यावरूनही दिशा आवळत आली. तेव्हा कुठे दुर्बिणींना बघायला आभाळाचा लहानसा तुकडा मिळाला, आणि जगभरच्या सत्तरएक वेधशाळा तिकडे वळल्या. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही पुढे त्या टकरीचा रेडिओप्रकाश टिपला. त्या दिवशी एकच डिटेक्टर असता तर? हिंगोलीचा तिसरा कान या दोघांपासून पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला असेल, म्हणून दिशा ठरवायला तो इतका मोलाचा आहे. पण तो तिसरा म्हणून मोलाचा. एक बंद करून दुसरा उघडायचा, हा हिशेब नाही.

भूकंपाचं. किल्लारीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, काका. मी तेव्हा चौथीत होते, शाळेत धान्य गोळा केलेलं आठवतं. यंत्राबद्दल सांगते. चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर, एकाखाली एक अशा चार लंबकांना टांगलेले असतात, आणि ज्या ओट्यांना ते टांगलेले असतात ते ओटे जमिनीच्या हालचालीच्या उलट हलतात. जगात कुठे मोठा भूकंप झाला की हॅनफर्डचंही ध्यान सुटतं, काही वेळानं पुन्हा लावतात. जागा निवडण्याआधी औंढ्याच्या जमिनीची रोजची थरथर मोजली होती. पण ४.५चा धक्का बसल्यावर लोक अंगणात झोपतात, त्यांना या उत्तरानं समाधान होणार नाही. इमारतीचा पाया कसा धरलाय, धक्क्यांची नोंद कोण ठेवतंय, हे हिंगोलीत मराठीत, लोकांसमोर सांगितलं गेलं पाहिजे. ही मागणी तुमच्या नावासोबत माझंही नाव घालून करा.

पाण्याचं मात्र मी तुमच्याशी भांडणार. टँकर लायगोमुळे येत नाही. हिंगोली १९९९मध्ये परभणीतून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून तिथे मोठं म्हणावं असं काय आलं? हळदीचा बाजार, तो शेतकऱ्यांनी स्वतः उभा केला. चांगलं काही आलं की ते मुंबई-पुण्याला, आणि मराठवाड्याला कायम 'आधी पाणी'. असं म्हणता म्हणता ना पाणी आलं ना दुसरं काही. माझी तक्रार वेगळी आहे. २०१६ची तत्त्वतः मंजुरी, आणि पैशांची पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ला. सात वर्षं कागद फिरले! ते वेळेवर झालं असतं तर आज आपण इथल्या बजेटकडे इतक्या धास्तीनं बघत नसतो. आता २०३०चं म्हणतात.

आणि राजकारणाचं. मे महिन्यात नारळीकर सर गेले तेव्हा याच यादीवर किती पत्रं आली. आयुका त्यांनी उभी केली. तिथेच संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी, लहर सापडण्याच्या सुमारे पंचवीस वर्षं आधी, खरखरीतून तिचा आकार कसा वेचायचा त्याचं गणित बसवलं. या कामात आपला वाटा आहे. तो वाचवायला आपल्या सिनेटरना पत्र लिहिणं हे कुठल्या पक्षाचं काम आहे असं मला वाटत नाही.

तुमची,
अनघा

–––

प्रेषक: ओंकार (पुलमन)
मंगळवार, १६ सप्टेंबर

अनघाताई, मी विद्यार्थी व्हिसावर आहे. पत्रावर सही करायची इच्छा आहे, पण सध्याच्या वातावरणात धीर होत नाही. आमच्या विभागात यंदा पीएच.डी.च्या जागा कमी झाल्या. माझ्या मागून येणाऱ्या दोघांना मी 'अजून थांबा' असं कळवलं. एवढं तरी सांगावंसं वाटलं.

–––

प्रेषक: अनघा (रिचलंड)
मंगळवार, १६ सप्टेंबर

ओंकार, तू काहीही करू नकोस. कोणीही व्हिसावरच्या मुलांना भरीस घालू नये, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती. ज्यांना पासपोर्टानं संरक्षण दिलंय त्यांनी बोलावं, म्हणूनच मी 'नागरिक' हा शब्द वापरला होता. तू अभ्यास कर. दिवाळीला इकडे ये.

–––

प्रेषक: वसंतकाका (बेलव्ह्यू)
गुरुवार, १८ सप्टेंबर

चि. अनघा,

दोन दिवस तुझं पत्र उघडून बसलो होतो. 'आधी पाणी' याबद्दल तू जे लिहिलंस ते मला लागलं. मी आयुष्यभर तेच वाक्य बोलत आलो आणि ते बोलणारा मी स्वतः इथे येऊन राहिलो. अजूनही मला वाटतं की पाणी आधी. पण खोकी हॅनफर्डला पडून आहेत हे मला माहीत नव्हतं, आणि ती तिथे कुजावीत असं मला वाटत नाही.

आज सकाळी सिनेटरच्या कार्यालयात फोन केला. फोन घेणाऱ्या मुलीनं नाव, पिनकोड आणि विषय विचारला. दोन मिनिटांत झालं. लायगोचं स्पेलिंग मी सांगायच्या आधी तिनंच सांगितलं, म्हणजे आधी कोणी तरी फोन केलेले असणार. काकूनंही तिच्या नावानं वेगळा केला.

आता पुढचं. हॅनफर्डला लोकांना आत घेतात तो पुढचा शनिवार कधी ते बघून कळव. मी गाडी काढतो. बेलव्ह्यूहून साडेतीन तास धरू, पास ओलांडून याकिमाला चहा. गाडीत आणखी तीन जागा आहेत, ज्यांना यायचं त्यांनी इथेच लिहा. पाया कसा धरतात, धक्का बसला तर काय करतात, हे मी तिथल्या माणसांना स्वतः विचारणार आहे. प्रश्न वहीत लिहून ठेवलेत, सात झालेत. भाषांतराला तू शेजारी हवीस, इंग्रजीत बोलताना मला किल्लारीचं नीट सांगता येत नाही.

वसंतकाका