एअरबॅग असलेल्या फोर बाय फोरला बुलबार करून घेतोय, ब्रॅकेटवर गाडी अडली आहे

आडवाट:
मंडळी, जरा लांबड लावतोय, सांभाळून घ्या.

गाडी फोर बाय फोर, लॅडर चासीवरची (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा), पुढे दोन एअरबॅग. सहा महिन्यांपूर्वी रात्री जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. वेग चाळीसच्या आसपास. बंपर फाटला, डावा हेडलाइट गेला, रेडिएटरला भोक पडलं आणि उजाडेपर्यंत गाडीतच बसून राहिलो. डुक्कर मात्र उठून चालतं झालं, मागे वळूनही बघितलं नाही. एअरबॅग उघडल्या नाहीत, हेही तेव्हापासून डोक्यात आहेच.

तयार बुलबार (बंपरच्या जागी पुढे लावायचा जाड पाइपांचा सांगाडा) मिळतो तो माझ्या गाडीच्या आधीच्या चेहऱ्याचा. नव्या बंपरला तो बसत नाही. ओळखीचा एक फॅब्रिकेटर आहे, हात सफाईदार. त्याने पुठ्ठ्याचा नमुना कापून लावूनही बघितला. त्याचा बेत असा: बंपर उतरवायचा, मागचा आडवा बीम काढायचा, बीम आणि चासी यांच्यामध्ये पत्र्याचे दोन डबे आहेत तेही काढायचे ("हे पातळ आहेत, काही कामाचे नाहीत"), आणि ८ एमएम प्लेटचे ब्रॅकेट थेट चासीच्या तोंडाला वेल्ड करायचे. वर जाड पाइप. उजव्या टोकाजवळ पिवळ्या कनेक्टरचा एक बारका सेन्सर आहे. तो मध्ये येतो म्हणून चार इंच मागे सरकवू म्हणतो.

सेन्सरचं नाव निघालं तेव्हा मी "दोन दिवसांनी सांगतो" म्हणून निघून आलो. आता सांगा, यात नेमकं काय चुकतंय? की मी उगाच घाबरतोय?

डिझेलगंध:
पंधरा वर्षं चासीला वेल्ड केलेला बार घेऊन फिरतोय. दोन बैल आणि एक झाड झालं, बारला पोचासुद्धा नाही. बिनधास्त करा.
(माझ्या गाडीला एअरबॅग नाहीत म्हणा.)

ठिणगी:
डिझेलगंध, कंसातलं वाक्य आधी लिहायचं होतं राव.

आडवाट, मी स्वतः वेल्डर. बावीस वर्षं आपटलेल्या गाड्या सरळ करतोय, त्यामुळे तुमच्या माणसाला नावं ठेवत नाही. आमच्या धंद्यात मजबूत म्हणजे चांगलं असंच हाताला वळण पडलेलं असतं. इथे ते वळणच नडतं.

ते डबे पातळ आहेत कारण ते चुरगळण्यासाठीच बसवलेत. त्यांना क्रश कॅन म्हणतात. धडक बसली की आधी बीम वाकतो, मग डबे भात्यासारखे मिटतात, आणि त्याहून मोठा दणका असेल तरच चासीची टोकं. नीट बघा, टोकांवरही खाचा किंवा घड्या असतील. दुमडायला सुरुवात कुठून करायची ते कंपनीने तिथे आखून ठेवलेलं असतं.

आता एअरबॅगचं. एअरबॅगला समोर डुक्कर आहे की भिंत हे दिसत नाही. तिला फक्त वेग किती झपाट्याने पडतोय तेवढं कळतं. मुख्य युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधल्या बोगद्यावर असतं, आणि पुढे तुमच्या त्या पिवळ्या कनेक्टरसारखे एक-दोन सेन्सर. हे सगळे मिळून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत ठरवतात की फुगवायची की नाही. फुगायला पुन्हा जवळपास तेवढाच वेळ. हा हिशेब कंपनीने मूळ बंपर, मूळ बीम आणि मूळ डबे असलेल्या गाड्या भिंतीवर आदळून बसवलेला असतो. तुम्ही पुढचा मऊ भाग काढून तिथे ८ एमएमची प्लेट लावली की युनिटला वेगळ्याच गाडीची धडक ऐकू येते.

तुमच्या डुकराला एअरबॅग का उघडली नाही, तेही यातच आलं. दोन टनांची गाडी, ऐंशी किलोचं डुक्कर. चाळीसच्या वेगात गाडीचा वेग जेमतेम दीड किलोमीटरने घटला असेल. रेडिएटर फुटला तरी युनिटच्या लेखी ती धडकच नव्हती, आणि ते बरोबर होतं.

उलटा प्रकार मी पाहिलाय. थेट चासीला वेल्ड केलेला घरगुती बार, गाडी वळवताना काँक्रीटच्या खांबाला लागली. फार वेग नव्हता. बारचा रंगसुद्धा उडाला नव्हता. आत दोन्ही एअरबॅग उघडलेल्या, प्रवासी बाजूच्या बॅगेने काच फोडलेली, बेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे) उडालेले. मालक म्हणत होता, "बघा, बार किती दणकट!" मी चासी मोजली तर डावं टोक बोटभर आत. दणका बारने खाल्ला नव्हता, नुसता मागे पोचवला होता.

आणि बॅग लवकर उघडते एवढंच नाही. ब्रॅकेट तिरका धरला गेला, बार खाली दुमडून चाकात घुसला, तर पुढच्या सेन्सरला जो झटका कळायला हवा तो उशिरा कळतो. मग माणूस स्टिअरिंगपाशी आधी पोचतो, बॅग नंतर. हा प्रकार जास्त वाईट.

म्हणून सेन्सर हलवायचा नाही. चार इंच नाही, चार एमएमसुद्धा नाही. त्याची जागा, दिशा, ज्या पत्र्यावर तो बसलाय त्या पत्र्याची जाडी, सगळं त्या हिशेबात धरलेलं आहे. त्याच्याजवळ हातोडी चालवायची असेल तर इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये तार काढल्यावरही चार्ज राहतो. पिवळ्या वायरला मल्टिमीटर लावून "करंट येतोय का" बघणारे महाभाग असतात. त्यांना गाडीपासून लांब ठेवा.

चासीच्या तोंडाला वेल्डिंग तर नकोच. उष्णतेने तिथल्या पोलादाचा गुण बदलतो. जिथे दुमडायला हवं तिथे कडक, शेजारी ठिसूळ, असं काहीतरी होऊन बसतं, आणि वरून रंग मारला की कोणाला कळतही नाही.

आडवाट:
ठिणगीदादा, हे वाचून घाम फुटला. पण "एअरबॅगला चालणारे" बार मिळतात ना? त्यांत वेगळं काय असतं? पाइप तर तसाच दिसतो.

ठिणगी:
पाइपाकडे बघूच नका, मागून वाकून ब्रॅकेट बघा. त्यांत लांबट खाचा असतात, घडी घातलेली प्लेट असते, काहींत ठरावीक जोराला तुटणारे बोल्ट. बार मागे सरकतो, ब्रॅकेट मिटतो, आणि मूळ डबे ज्या चालीने मिटले असते त्याच्या जवळपास चाल ठेवायचा प्रयत्न असतो. कोणी हुशार माणूस नंतर त्या खाचा "कमकुवत वाटतात" म्हणून गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) मारून बंद करतो, की संपलं.

मग तसा ब्रॅकेट आपणच का करू नये? कापायला मला दहा मिनिटं लागतील. पण खाच १२ एमएमची की १८ची हे मी डोळ्यांनी ठरवू शकत नाही. ते गाडी आदळूनच कळतं, आणि तुमची गाडी आदळायला तुम्ही देणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आधी चासीच्या टोकाच्या भोकांची मापं घेतली असती. चेहरा बदलतात तेव्हा बहुतेक वेळा प्लास्टिक आणि दिवे बदलतात, चासी तीच राहते. भोकं जुळली तर तो आधीच्या चेहऱ्याचा चाचणी झालेला बार त्याच्या ब्रॅकेटसकट घ्या. बनवणाऱ्याला तुमच्या मॉडेलचं विचारून लेखी उत्तर मागा. ते "हो" म्हणाले तर तुमच्या फॅब्रिकेटरकडे बंपरचं प्लास्टिक कापणं आणि बाजूच्या फटी झाकणारे पत्रे, एवढंच काम द्या. त्याची सफाई तिथे कामी येईल.

पाणसळ:
ठिणगी यांनी वजनाचं लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. सस्पेन्शनचं काम करते, त्यामुळे बुलबारवाले नंतर माझ्याकडेच येतात.

स्टीलचा बार ६० किलोचा धरा. तो पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, समजा ८० सेंटिमीटरवर लटकतो. व्हीलबेस २७५ सेंटिमीटर असेल तर पुढच्या चाकांवर ६० नाही, सुमारे ७७ किलो वाढतात, आणि मागून १७ कमी होतात. तरफच ती. नाक खाली बसतं, हेडलाइटचा झोत खाली येतो, ब्रेक मारला की गाडी जास्त वाकते. पुढच्या ॲक्सलची भारमर्यादा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावायचा विचार असेल तर हे गणित आधी करा, नंतर नको. ॲल्युमिनियमचा बार बराच हलका पडतो.

दुसरं म्हणजे बॉडी रबरावर बसलेली असते आणि बार चासीवर. दोन्ही वेगवेगळ्या हलतात. १५-२० एमएम फट ठेवा. सुबक दिसावं म्हणून चिकटवलेला बार पहिल्याच खडबडीत वाटेवर फेंडर चावतो.

ग्रिलमध्ये रडार असेल तर त्याच्यासमोर पाइप नको. इंडिकेटर बाजूनेही दिसले पाहिजेत.

आणि गाडी जिथे नोंदवली आहे तिथला नियम ऑर्डर देण्याआधी बघा. ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे बुलबार सर्रास दिसतात, पण तिथेही एडीआर ६९ हा ताशी ४८ किलोमीटरने भिंतीवर आदळण्याचा नियम बार लावल्यावर मोडता येत नाही. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशात पादचाऱ्याच्या पायाच्या आणि डोक्याच्या चाचण्या घातल्या. भारतात तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून असे बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. तिथे नोंदणी असेल तर वरचा सगळा खटाटोपच बाद. रात्रीचा वेग कमी करा आणि चांगले दिवे लावा.

डिझेलगंध:
पाणसळताई, माझी गाडी ब्रेक मारला की नाक घासते ते यामुळे होय! मी शॉकॲब्सॉर्बर दोनदा बदलले.

आडवाट:
काल मापं घेतली. भोकं तंतोतंत जुळतात, चारही. बार बनवणाऱ्याला चासी क्रमांकासकट लिहून विचारलंय, उत्तर यायचंय. माझ्याकडचा नियमही बघितला, चाचणी झालेला बार चालतो, घरगुती नाही. ॲल्युमिनियमचाच घेतोय, विंच रद्द.

फॅब्रिकेटरला तो डबा हातात देऊन सगळं सांगितलं. त्याने उलटसुलट करून बघितला, अंगठ्याने दाबला, म्हणाला, "मग मागच्या महिन्यात मी एकाचे काढले त्याला फोन करायला पाहिजे." आणि खरंच माझ्यासमोर केला.

ठिणगी:
डबे फेकले नसतील तर परत बसवा म्हणावं. फेकले असतील तर नवेच घ्यायचे, दुसऱ्या गाडीचे कापून जोडायचे नाहीत. आणि तुमचा बार बसला की चावी फिरवून एसआरएसचा (म्हणजे एअरबॅगचा) दिवा बघा. काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर तेही बिघाडातच जमा.