मदत हवी आहे: नांदेडच्या बेघर पोरांसाठी नकाशा करायलोत

नमस्कार मंडळी, नांदेड स्टेशन अन् बसस्टँडवर झोपणारी तरणी पोरं आहेत ना, त्यांच्यासाठी आम्ही मित्र गूगल माय मॅप्सवर नकाशा करायलोत, जेवण कुठं, रात्रीचा निवारा कुठं, सरकारी दवाखाना कुठं असं वेगवेगळ्या लेयरमध्ये. गुरुद्वाऱ्याचा लंगर टाकलाय, तिथं कुणालाच नाही म्हणत नाहीत. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे, पण बालगृहातून अठराला बाहेर पडलेल्यांचं काय? कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची (बालगृह सोडल्यावर आधार द्यायची, म्हणजे आफ्टरकेअरची) सोय आहे, ते पोरांना कुणी सांगतच नाही.

अडचण अशी की माय मॅप्सला नेट लागतं अन् या पोरांकडं मोबाईल असला तरी रिचार्ज नसतो. ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणीबी भर घालू शकतं असा खुला नकाशा) जागा टाकल्या तर त्यावरच चालणाऱ्या ऑर्गॅनिक मॅप्स अॅपमध्ये एकदा डाउनलोड केल्यावर नेट नसतानाबी दिसतात, मग तिकडं वळावं का? पण अपडेट कोण ठेवणार, पोरगं रात्री अकराला बंद दारावर गेलं तर परत विश्वास ठेवणार नाही. मुलींच्या निवाऱ्याचा पत्ता मात्र टाकायचाच नाही, फक्त १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, हे पक्कं ठरलंय.

लातूर, परभणी, संभाजीनगरात कुणी असं केलंय का? अन् महापालिकेच्या बेघर निवाऱ्यात आधार कार्ड नसलं तर घेतात का, स्वतः बघितलेल्यांनी सांगा प्लीज.