ऑलिंपिकचे यजमानपद आणि सार्वमत

प्रश्न : ऑलिंपिकसाठी दावेदारी करण्यापूर्वी शहरातील नागरिकांचे सार्वमत घेणे बंधनकारक असावे का?

प्रतिसाद १ : निश्चितच असावे. २०१५मध्ये हॅम्बुर्गच्या आणि २०१८मध्ये कॅल्गरीच्या मतदारांनी नकार दिला, तो मुख्यतः खर्चाच्या धास्तीने. आणि ही धास्ती निराधार म्हणता येत नाही, कारण १९७६च्या स्पर्धेचे कर्ज फेडून मोकळे होण्यास माँट्रियलला २००६ साल उजाडले.

प्रतिसाद २ : तत्त्व मान्य. मात्र २०२२च्या हिवाळी स्पर्धेतून ऑस्लोने माघार घेतल्यावर बीजिंग आणि अल्माटी एवढेच दावेदार उरले, म्हणजे जेथे जनतेचा कौल विचारलाच जात नाही, त्यांचेच फावले.

प्रश्नकर्ता : दावेदारांच्या या गळतीमुळेच २०१७मध्ये पॅरिस आणि लॉस एंजेलिस यांना लागोपाठच्या स्पर्धा एकदमच बहाल केल्या गेल्या असाव्यात.