स्केच, रेखाचित्र, रेखाटन की टिपण?

प्रवासात चित्रकार वहीत भराभर जे काढतो त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? मी टर्नरवर लिहितेय, तो इंग्लिश निसर्गचित्रकार, १८१९ मध्ये पहिल्यांदा इटलीला गेला आणि व्हेनिस, रोम, नेपल्स करत वह्याच्या वह्या भरल्या, बहुतेक नुसत्या पेन्सिलने. 'रेखाचित्रं' लिहिलं तर जड होतंय, मग 'स्केच'च ठेवू का?

ताई, रेखाचित्र नकोच. ते पूर्ण झालेलं चित्र वाटतं, पेपरात 'संशयिताचं रेखाचित्र जारी' असं येतं ना, तसं. रेखाटन बरं, त्यात हात अजून चालू आहे असं वाटतं. पण मला विचाराल तर यातला खरा शब्द 'टिपणे' आहे. चिमणी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, आपण पदराने डोळे टिपतो, म्हणजे थोडंसंच, पटकन, आणि अलगद उचलायचं. वाटेतलं स्केच हेच करतं. टर्नर रंगकाम बहुतेक नंतर करायचा, जागेवर नुसत्या रेषा, आणि काही पानांवर रेषेशेजारी रंगाचं नाव लिहून ठेवलेलं. मेणवलीच्या घाटावर मी बसले होते तेव्हा ऊन इतकं भरभर सरकत होतं की पॅलेट उघडेपर्यंत पायऱ्यांवरची सावली गेली, शेवटी पानावर बाण काढून 'इथे काळपट जांभळा, पाणी शेवाळी' एवढं लिहिलं, आणि घरी आल्यावर त्या चार शब्दांवरच रंगवलं, फोटोतली सावली नुसती काळी आली होती.

हे पटलं, पण 'टिपण' म्हटलं की आमच्या घरी अजून लग्नाचं टिपणच आठवतं, जुळतंय का बघा वगैरे, आणि ऑफिसात तर टिपण म्हणजे लेखी मजकूर. वाचकाला चित्र दिसणारच नाही.

बरोबर आहे, म्हणून नाम सोडून क्रियापद घ्या. 'टर्नरने इटलीत टिपलेली रेखाटनं'. फोटो टिपला म्हणतोच की आपण, डोळ्यांना सवय आहे. फक्त 'खरडलेली' लिहू नका, खरडण्यात हयगय येते आणि त्याच्या साध्या पेन्सिलच्या रेषेतही घुमट कुठे संपतो आणि आकाश कुठे लागतं हे चोख असतं.

आणि वहीला? चित्रवही?

चित्रवही म्हणजे शाळेतली, गुळगुळीत कव्हरची, सर सही करायचे ती. लंडनच्या टेट कलासंग्रहालयात त्याच्या जवळपास ३०० वह्या आहेत, त्यातल्या कितीतरी खिशात मावतील एवढ्या. तिथे सरळ स्केचबुक लिहा, आउटडोअरला, म्हणजे बाहेर जागेवर बसून चित्र काढायला जाणारी पोरं तेच म्हणतात, आणि दुसऱ्यांदा उल्लेख आला की नुसतं 'वही'.

चालेल, पहिलं वाक्य बदलते: 'टर्नरने इटलीत टिपलेली रेखाटनं त्याच्या छोट्या छोट्या वह्यांत आहेत.'