फ्लोरेन्समधला शनिवार-रविवार तिथल्या रहिवाशासारखा कसा घालवावा?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता मुलीकडे मिलानला जाणार आहोत. तिला फारशी सुट्टी नसल्यामुळे एक शनिवार-रविवार आम्ही दोघांनीच फ्लोरेन्सला राहून यावे, असे ठरत आहे. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परतायचे. तो महिन्यातला दुसरा रविवार आहे.

सहल कंपन्यांचे कार्यक्रम पाहिले. अर्ध्या दिवसात आठ-नऊ ठिकाणे उरकण्याचा त्यांचा बेत आम्हाला झेपणारा नाही आणि रुचणाराही नाही. बाहेरगावचा माणूस कोल्हापुरात येतो, अंबाबाईचे दर्शन घेतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि संध्याकाळच्या आत पन्हाळ्याला निघतो. त्याने कोल्हापूर पाहिले नाही असे कोणी म्हणणार नाही, पण गंगावेशीत लोक उभ्याउभ्या धारोष्ण दुधाचे पेले का रिचवतात, किंवा शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की पेठेतल्या माणसाचे कामात लक्ष का लागत नाही, हे त्याला कळायला वाव नसतो. फ्लोरेन्समध्ये आमचे तसे होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

सौ. पूर्ण शाकाहारी आहेत. मी मटण खातो, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर चालणे जमते, जिन्यांचे मात्र दोघांच्याही गुडघ्यांशी वैर आहे. राहावे कुठे, खावे काय, आणि उफिझी संग्रहालय पाहावे की सरळ वगळावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेठकर

काका, मी शिक्षणासाठी त्या शहरात राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुक्काम स्टेशनजवळ किंवा द्वोमोच्या (मुख्य चर्चच्या) घुमटाभोवती ठेवू नका. आर्नो नदीच्या दक्षिण काठावरच्या ओल्त्रार्नो भागात, सांतो स्पिरितो किंवा सान फ्रेदियानो या वस्त्यांमध्ये खोली बघा. खोली ठरवण्याआधी इमारतीला लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्या, कारण जुन्या घरांची छते इतकी उंच असतात की तिथला दुसरा मजला आपल्या चौथ्याच्या बरोबरीचा निघतो. सांतो स्पिरितोच्या चौकातले चर्च ब्रुनेलेस्कीने आखलेले आहे, पण त्याची दर्शनी भिंत शतकानुशतके कोरीच राहिली, त्यामुळे घाईतला प्रवासी तिथे थांबत नाही. आत मायकेलँजेलोच्या तरुणपणातला मानला जाणारा लाकडी क्रूस आहे. तुम्ही म्हणता त्या दुसऱ्या रविवारी याच चौकात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, म्हणजे तुमची तारीख चांगली जमून आली आहे.

शनिवारची सकाळ सांत आंब्रोजोच्या मंडईसाठी राखून ठेवा. ही मंडई रविवारी बंद असते आणि इतर दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आवरते, म्हणून दहाच्या आत पोहोचलेले बरे. मधली इमारत १८७३ ची आहे आणि ती जुझेप्पे मेंगोनी या वास्तुकाराची. मिलानला मुलगी तुम्हाला काचेच्या छताची जी भव्य गॅलरी दाखवायला नेईल, तीही त्याचीच. आत मांस, चीज आणि पाव मिळतात, बाहेर भाजी आणि फळे. एक रीत लक्षात ठेवा: फळाला स्वतः हात लावायचा नाही. काय हवे ते विक्रेत्याला सांगायचे आणि तो निवडून देतो. आज खायचे की उद्या, एवढे खुणेने सांगितले तरी त्याप्रमाणे पिकलेले किंवा थोडे कच्चे फळ मिळते. आपल्याकडे वांगे दाबून पाहिल्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही, त्यांना हे जड जाते, पण तिथला माणूस ओळखला जातो तो इथेच.

कॉफीच्या दुकानाला तिकडे बार म्हणतात. तिथे काउंटरपाशी उभे राहून कॉफी घ्यायची आणि दोन मिनिटांत बाहेर पडायचे. खुर्चीत बसलात तर त्याच कॉफीचे जास्त पैसे पडतात. दुधाची कापुचिनो सकाळी, जेवणानंतर मात्र दूध नसलेली छोटी एस्प्रेसो. उलट मागितलीत तरी कोणी अडवणार नाही. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर, आणि मधल्या वेळात चांगल्या खाणावळींची चूल विझलेली असते. जिथे चार-पाच वाजताही गरम जेवण मिळते आणि दारात पदार्थांची छायाचित्रे लावलेली असतात, ते ठिकाण परक्यांसाठी मांडलेले आहे असे समजावे.

ओल्त्रार्नोत चौकटी बनवणारे, सोन्याचा मुलामा देणारे, पुस्तकबांधणी करणारे कारागीर अजून काम करतात, पण रविवारी त्यांची दारे बंद असतात आणि पुष्कळदा शनिवारी दुपारनंतरही. चामड्याचे काम पाहायचे असेल तर सांता क्रोचे चर्चच्या मागच्या आवारात १९५० साली सुरू झालेली चर्मकामाची शाळा आहे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि तोस्काना या फ्लोरेन्सच्या प्रांतातले नावाजलेले चामडेही झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिननेच कमावलेले असते, त्यामुळे आपल्या माणसाचे पाय तिथून लवकर निघत नाहीत.

संध्याकाळी जेवणाआधी तास-दीड तास गावातले लोक नुसते फिरायला बाहेर पडतात. तुम्हीही सांता त्रिनिता पुलावर जा. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा पूल उडवला होता आणि नंतर तो मूळ रूपात पुन्हा उभारला गेला. त्या वेळी शाबूत राहिलेला एकमेव पूल, पोंते वेक्यो, सर्वांत चांगला दिसतो तो इथूनच.

तवा-परात

वहिनींच्या जेवणाची काळजी करू नका, मात्र दोन-तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतील.

तोस्कानाचे जुने जेवण गरिबीतून घडलेले असल्यामुळे शिळा पाव, पांढरे घेवडे आणि पाला यांवर उभे आहे. रिबोलिता म्हणजे घेवडा, काळपट पानांची कोबी आणि शिळा पाव घालून पुन्हा पुन्हा उकळलेले दाट कालवण. ऑक्टोबरमध्ये ते मिळू लागते. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे पाव आणि टोमॅटो एकत्र शिजवलेला लापशीसारखा पदार्थ. टोमॅटो आणि सेजच्या पानांत शिजवलेला घेवडाही छान लागतो. पण यांपैकी काहींत मांसाचे पाणी वापरण्याची किंवा डुकराच्या चरबीचा तुकडा टाकण्याची पद्धत काही घरांत आणि खाणावळींत आहे, म्हणून 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने' (मांस नको, मांसाचे पाणीही नको) हे वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवा आणि दाखवा. पार्मेझान चीज वासराच्या जठरातले रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून बनते. कडक शाकाहार असेल तर तेही टाळावे लागेल.

काका, तुमच्यासाठी इशारा वेगळा आहे. गाड्यांवर पावात घालून मिळणारे लांप्रेदोत्तो हे गाईच्या चौथ्या जठराचे असते आणि फ्लोरेन्सचा प्रसिद्ध बिस्तेक्का (भाजलेला मांसाचा जाड तुकडा) हाही गोमांसाचाच. तिथल्या माणसासारखे खायचे म्हणून ही दोन नावे सगळे सुचवतील, ती तुम्ही बिनदिक्कत नाकारा.

पावात मीठ नसते. तो बिघडलेला नाही, तिथे तसाच करतात. कारण खारट चीज किंवा कालवणाबरोबर तो खायचा असतो. बिलावर माणशी कोपेर्तो म्हणून लहानशी रक्कम लावलेली दिसेल, तीही फसवणूक नव्हे. आणि द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे तुम्ही जाल तेव्हाच, बेकऱ्यांत काळी द्राक्षे घालून भाजलेली गोड चपटी रोटी मिळते. हिला स्क्याच्याता म्हणतात. ती चुकवू नये.

करवीरवाचक

एवढी चर्चा झाली, पण कोल्हापूरच्या माणसाने फ्लोरेन्सला जाऊन जिथे गेलेच पाहिजे, त्या जागेचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते.

आपल्या गादीवरचे दुसरे राजाराम महाराज (राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज नव्हेत, हा घोळ आपल्याकडेही होतो) १८६६ साली गादीवर आले आणि १८७० मध्ये इंग्लंडच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर, ऐन विशीत, ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. ते शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. दहन ही गोष्ट तिथे जवळजवळ अपरिचित असताना नगरपालिकेने परवानगी दिली आणि गावाबाहेर, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. संगमाचा आग्रह का धरला असेल, हे पंचगंगेकाठच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. महाराजांनी प्रवासात इंग्रजीत रोजनिशी ठेवली होती. त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित केली आणि १८७२ मध्ये ती लंडनला छापली गेली.

दहनाच्या जागी १८७४ मध्ये स्मारक झाले. दगडी छत्रीखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. तो फ्लोरेन्समध्येच राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला, आणि छत्रीची रचना मेजर मँट यांची. आपला नवा राजवाडाही याच मँट यांच्या आराखड्यावर उभा राहिला आणि १८८४ मध्ये पूर्ण झाला. इंग्रज अभियंत्याने घडवलेली हिंदी धाटणी दोन्हीकडे दिसते, म्हणून जाण्याआधी एकदा राजवाडा नीट पाहून जा. तिथले लोक त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात आणि शेजारी १९७० च्या दशकात झालेला मोठा पूलही त्याच नावाने ओळखला जातो. त्या पुलावरून रोज गाडी नेणाऱ्यांपैकी कितीजणांना हा इंदियानो कोण हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

जाण्याची वाटही तुमच्या हेतूला साजेशी आहे. हे स्मारक काशिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे. टी-१ ट्रामने काशिनेच्या थांब्यावर उतरा आणि नदीकाठाने सरळ चालत राहा. साधारण तीन किलोमीटर अंतर आहे, पूर्ण सपाट आणि झाडांच्या सावलीतले. रविवारी सकाळी तिथे धावणारे, सायकलवाले, मुलांना घेऊन आलेले आईबाप, सगळे गावातलेच असतात. अंधार पडल्यावर मात्र त्या उद्यानात थांबू नये.

जुना वाडा

करवीरवाचकांशी पूर्ण सहमत. बाकीच्या सूरांवर थोडा आक्षेप आहे.

उफिझी वगळणे म्हणजे साधेपणाच्या हट्टापायी नुकसान करून घेणे होय. ते सोमवारी बंद असते, शनिवार-रविवारी उघडे. वेळ आधी नोंदवून शनिवारी दुपारनंतर जा, चित्रकार बोत्तिचेल्लीची दालने आणि आणखी दोन-चार दालने सावकाश पाहा आणि बाहेर या. लिफ्टची सोय आहे. सगळे संग्रहालय पाहिलेच पाहिजे असे कोणी सांगितलेले नाही, आणि फ्लोरेन्सचा रहिवासीही ते एका दमात पाहत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये फुकट असतात, त्यामुळे तुमचा दुसरा रविवार हे गर्दीच्या दृष्टीने भाग्यच म्हणायचे.

दुसरे असे की, रहिवाशासारखे राहण्यासाठी आपण ओल्त्रार्नोत खोली घेतो, आणि अशा खोल्या वाढल्यामुळेच तिथला भाडेकरू हुसकला जातो, हे विसरू नये. महापालिकेने २०२३ मध्ये जुन्या शहरात नव्या अल्पमुदतीच्या भाडेघरांना आळा घालण्याचा निर्णय घेतला, तो याच तक्रारींतून. शक्य असेल तर कुटुंबाने चालवलेले लहान हॉटेल निवडा. रहिवाशांच्या त्रासाचे आणखी एक उदाहरण म्हणजे उफिझीजवळच्या नेरी गल्लीच्या आसपास ठराविक वेळांत पदपथावर किंवा लोकांच्या दारात बसून खायला २०१८ मध्ये बंदी घातली गेली आणि दंडही ठेवला गेला.

आणि सांता क्रोचेकडे जालच, तर भिंतींवरच्या ४ नोव्हेंबर १९६६ च्या पाट्या शोधा. आर्नोच्या महापुरात पाणी कुठवर आले होते त्याच्या त्या खुणा आहेत आणि काही डोक्याच्या कितीतरी वर आहेत. त्या चर्चमधला चिमाब्वे या जुन्या चित्रकाराचा रंगवलेला क्रूस त्याच पुरात उद्ध्वस्त झाला आणि पुढे दुरुस्त झाला तरी त्यावरचा बराच रंग कायमचा गेला. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चे पुराचे पाणी पाहिलेल्या माणसाला कोणा वाटाड्याची गरज पडणार नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. राजाराम महाराजांच्या स्मारकाबद्दल ओझरते ऐकले होते, पण ते ट्रामच्या टप्प्यात आहे याची कल्पना नव्हती. रविवारची सकाळ आता तिकडेच. दोन शंका राहिल्या आहेत. शहरात फिरायला मुलगी भाड्याची मोटार सुचवते आहे, ती घ्यावी का? आणि रविवारी फुटबॉलचा सामना पाहायला मिळेल का? पेठेत वाढल्यामुळे हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

पेठकर

मोटार अजिबात घेऊ नका. जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेण्यास मनाई आहे, नाक्यांवर कॅमेरे आहेत आणि दंडाचे पत्र काही महिन्यांनी घरी येते. मिलानहून जलद रेल्वे दोन तासांच्या आत पोहोचवते आणि गावात ट्राम, बस आणि पाय पुरेसे आहेत. मात्र प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढलेत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.

फुटबॉलचे म्हणाल, तर फिओरेन्तिना हा गावचा संघ त्या रविवारी घरच्या मैदानावर आहे का, हे वेळापत्रकात आधी पाहा. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीगला खंड पडतो आणि तो बहुधा याच सुमारास असतो. सामना असेल तर तिकीट नावावर निघते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. स्टेडियमच्या पायऱ्या गुडघ्यांना नको असतील, तर सान फ्रेदियानोतल्या एखाद्या बारमध्ये जांभळ्या जर्सीवाल्यांबरोबर टीव्हीवर पाहा, तिथे आरडाओरडा कमी नसतो. खरी तालमींची चुरस पाहायची असेल तर मात्र पुढच्या वेळी जूनमध्ये जावे लागेल. सांता क्रोचेच्या चौकात माती पसरून शहराचे चार भाग एकमेकांशी जुन्या पद्धतीचा चेंडूचा खेळ खेळतात. त्यात कुस्ती आणि ठोसेही चालतात, आणि अंतिम सामना २४ जूनला, गावाच्या संताच्या दिवशी ठेवण्याची रीत आहे. तुम्ही ओल्त्रार्नोत राहणार असल्यामुळे तुमचा संघ पांढरा, एवढे आत्ताच सांगून ठेवतो.