खरा खर्च व्हॉल्व्हचा
काही जण म्हणतात की जर्मनीत हजार सीसीची बाईक ठेवणं म्हणजे दारात हत्ती झुलवणं, सर्व्हिसिंगचं बिलही जबर आणि टॅक्सही. सर्व्हिसिंगच्या बिलाबद्दल पटलं, टॅक्सबद्दल अजिबात नाही. तिथे मोटरसायकलला दर २५ सीसीमागे वर्षाला १.८४ युरो लागतात, म्हणजे हजार सीसीला ७३ युरो ६० सेंट. शिवाय सीझनची नंबरप्लेट मिळते. माझ्या मावसभावाने मार्च ते ऑक्टोबरची घेतलीय. टॅक्स आणि विमा त्या आठ महिन्यांचाच, मात्र बाकीच्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीसुद्धा करता येत नाही. मुंबईत माझी बाईक पावसाळाभर ताडपत्रीखाली असते आणि विमा पूर्ण वर्षाचा, त्यामुळे मला ही सोय मनापासून आवडली.

सर्व्हिसिंगचं बिल फुगतं ते व्हॉल्व्हमुळे, म्हणजे इंजिनात हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांमुळे. म्हणून बाईक घेण्याआधी बघायचं ते त्यांची तपासणी किती किलोमीटरला येते ते. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ला ही तपासणी, म्हणजे डेस्मो सर्व्हिस, २४,००० किलोमीटरला येते; डेस्मोत व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंगऐवजी यांत्रिक आर्म असतो. मल्टिस्ट्राडा व्ही४मध्ये साध्या स्प्रिंगचे व्हॉल्व्ह आहेत, म्हणून तीच तपासणी थेट ६०,०००ला. कंपनी एकच, इंजिनही व्ही४च! रोज ठाण्याहून फोर्टला बाईक नेणाऱ्याचे २४,००० सव्वा-दीड वर्षात होतात.